चहा काकूंच्या हातचा

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि घरी व्यायाम करून घ्यायला फिजिओ हवा होता. लग्नाला स्थळं बघावीत तसे मुलानं आणि सुनेनं फिजिओ बघायला घेतले. मुलाला मोठ्या हॉस्पिटलातला हवा होता, सुनेला डोंबिवलीतलाच, जवळचा. गुडघा माझा, पण मला कोणी विचारलं नाही.

पहिला आला तो फार गोड. "आजी, दुखतंय? मग आज राहू दे," म्हणायचा, सुनेनं दिलेले चहा-पोहे खायचा आणि जायचा. घरात सगळे त्याच्यावर खूश. माझा पाय मात्र लाकडासारखा ताठ. शेवटी मीच त्याला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

दुसरी मानपाड्याहून स्कूटरवर आली. तिनं गुडघा वाकवला तशी मी ओरडले. ती म्हणाली, "ओरडा खुशाल, पण पाय आखडू नका." व्यायाम संपल्यावर सून चहा टाकायला निघाली, तर ही म्हणते, "चहा घेईन, पण काकूंच्या हातचा."

सुनेचा चेहरा पडला. मुलगा म्हणाला, "अहो, आईला उभं राहवत नाही." मला संतापच आला. तिचा की त्याचा, कोण जाणे. वॉकर धरून मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून चहा केला. आलं किसताना घाम फुटला, साखर जास्त पडली. तिनं कप संपवला आणि "उद्या साखर कमी घाला," म्हणून गेली.

मुलगा म्हणाला, "दुसरी बघू." मी म्हटलं, "हीच येईल."

ऑपरेशन झाल्यापासून माझ्याकडे काही मागणारी ती पहिलीच होती.