मिश्रीपुढचं ‘नाही’

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय? खरं तर मलाच बघायचंय, बोलता बोलता काय निघतं ते.

मी कात्रपला राहते, उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. आमच्याकडे तंबाखूबंदी आली तेव्हा गेटवर पिशव्या तपासायला लागले. दाखल होणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं ठरलं — बिडी, सिगारेट, गुटखा, मिश्री? जो ‘हो’ म्हणेल त्याला डॉक्टर निकोटीनची पट्टी लावायचे, नाहीतर च्युइंगम द्यायचे; सवय एकदम तुटली की जीव कासावीस होतो म्हणून. ट्रेनिंगमध्ये सगळ्यात जास्त प्रश्न मीच विचारले. आणि मी स्वतः — सोळाव्या वर्षापासून मिश्री लावते. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड, दातांना. ड्युटीवर जाताना लवंग चघळते, म्हणजे वास येत नाही. असं आपलं मला वाटायचं.

अंबरनाथजवळच्या गावातून ताराबाई आल्या, खुब्याचं हाड मोडून. सत्तरीच्या. फॉर्म भरताना मी बिडी विचारली, गुटखा विचारला. मिश्रीपाशी पेन अडलं. त्यांचे दात मला दिसत होते — ती काळी कड मी रोज आरशात बघते. मग विचारलं का नाही? विचारलं असतं तर त्यांनी माझ्या दातांकडे पाहिलं असतं. बस, एवढंच. मी न विचारताच ‘नाही’ लिहिलं.

ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी त्या बिथरल्या. घाम, चिडचिड, झोप नाही, सलाईन उपटून काढायच्या. डॉक्टर म्हणाले, वयामुळे होतं असं, भूल उतरताना. शेवटी हात पलंगाला बांधावे लागले. बांधले कुणी? मीच. गाठ मारायला वाकले तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाजवळ नाक आणून हुंगलं.

“तुजेजवल हाय ना गो?” त्या हळूच म्हणाल्या. “मना वाईच दे.”

“काय आजी? कळलं नाही मला.”

कळलं होतं. अगदी कळलं होतं. त्याच वेळी जाऊन डॉक्टरांना सांगता आलं असतं — एका पट्टीचं काम. मी दुसऱ्या पेशंटचा ताप बघायला गेले. माणूस इतक्या सहज कसा वळतो? त्याचंच मला नवल वाटतं, अजूनही.

दोन दिवस हात बांधलेले राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांची मुलगी सुनंदा मिश्रीची डबी घेऊन आली आणि गेटवर पकडली गेली. डॉक्टरांनी लगेच पट्टी लावायला सांगितली, हात सोडायला लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी ताराबाई उठून बसल्या, भात-आमटी जेवल्या, शेजारच्या बाईला तिची सून कशी आहे विचारत होत्या.

राऊंडला डॉक्टरांनी फॉर्म उलटला. “सिस्टर, दाखल करताना मिश्रीचं विचारलं होतं ना?”

“विचारलं होतं सर,” मी म्हटलं. “नाहीच म्हणाल्या त्या.”

ताराबाई समोरच होत्या, हात-दोन हातांवर. मनगटावर लाल वळ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं — रागानं नाही, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं. आणि गप्प राहिल्या. का? ‘ही खोटं बोलते’ एवढं म्हणायला त्यांना कुणी अडवलं होतं? मी खूपदा विचार केला. उत्तर त्यांच्यापाशीच राहिलं.

डिस्चार्जच्या दिवशी सुनंदा मला बाजूला घेऊन गेली. तिचे डोळे भरले होते. “सॉरी हां सिस्टर,” ती म्हणाली, “आईनं तुम्हाला खोटं सांगितलं. उगाच तुम्हाला किती त्रास झाला.”

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, “असू दे गं. होतं असं.”