लाडकीचे एकसष्ट फॉर्म

‘संशोधन’ हा शब्द कानावर पडला की हल्ली माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं. बत्तीस वर्षं मी सरकारी नर्स म्हणून डहाणू तालुक्यात काढली. किडे पडलेल्या जखमा धुतल्या, लोकांच्या उलट्या पुसल्या, बाळंतिणींच्या चिंध्या स्वतःच्या हातांनी जाळल्या, पण कधी नाक मुरडलं नाही. किळस म्हणजे काय ते मला निवृत्तीनंतर कळलं, तेही एसीच्या खोलीत, स्वच्छ खुर्चीवर बसून.

झालं असं की मुंबईच्या एका संस्थेचे डॉ. यतीन आमच्याकडे एक अभ्यास घेऊन आले. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर पंचविशी-तिशीतल्या माणसांच्या किडन्या बिघडत होत्या. ना साखर, ना बीपी, तरी बिघडत होत्या. हे कशाने होतं, आणि कुणाच्या बिघडणार हे आधीच ओळखता येईल का, हे शोधायचं होतं. त्यासाठी आठशे लोकांना प्रश्न विचारायचे, रक्त घ्यायचं आणि मग हिशेब मांडायचा. मसोलीत दोन खोल्यांची कचेरी भाड्याने घेतली. मला पर्यवेक्षक केलं, कारण मी जवळच राहते आणि मला इथे सगळे ओळखतात. पाड्यांवर फिरायला सात जणी नेमल्या. त्या सातांतली एक लाडकी.

लाडकी तलासरीपासून सात किलोमीटर आतल्या पाड्यावरची. वय चौतीस. हाडापेराने मजबूत, बोलायला फटकळ आणि हसली की हिरड्या दिसायच्या. आश्रमशाळेत राहून बारावी झालेली. पण शाळेत जायच्या आधी आणि सुट्ट्यांमध्ये ती आईबापाबरोबर भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जायची. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी पाड्यावर यायची, आणि माणसं जी जायची ती पावसाच्या तोंडावर परतायची. लाडकीने डोक्यावरून विटा वाहिल्या आहेत. धाकटा भाऊ चैत्या तिथल्याच झोपडीत झोळीत असायचा, त्यालाही तिनेच सांभाळलं. पुढे आई गेली, बाप गेला, आणि लाडकीने लग्नाचा विचार बाजूला ठेवून चैत्याला वाढवलं. त्याला शाळेत टिकवायची तिने फार खटपट केली, पण पठ्ठ्या आठवीतून पळाला तो थेट भट्टीवरच. तेव्हापासून दर वर्षी जातो. गेल्या पावसाळ्यात तो सव्वीसचा झाला. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत चिखलातून वर आला की त्याचे घोटे सुजलेले दिसायचे, आणि लाडकीच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती. या कामाला ती आली ती खरं तर त्याच्यासाठी. फुकटात चैत्याचं रक्त तपासून मिळेल, एवढाच तिचा मतलब. मला तो तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकला.

आता ते फॉर्म कसे भरले जायचे ते सांगते. फॉर्ममध्ये चौदावा प्रश्न होता, ‘आपण नेहमी कोणती औषधे घेता का?’ आमची निलम, डहाणू रोडची मुलगी, स्कूटीवरून पाड्यावर जायची, ओट्यावर टेकून एका दमात प्रश्न वाचायची आणि दुपारपर्यंत दहा फॉर्म उरकून जेवायला घरी. चौदाव्या प्रश्नाला तिच्यासमोर सगळे म्हणायचे, ‘नाय.’ ती ‘नाही’वर खूण करायची. निलमला दोष देत नाही मी. सांगितलं तेच तिने लिहिलं.

लाडकीचे मात्र दिवसाला तीन फॉर्म व्हायचे. एकदा मी तिच्याबरोबर गेले. एका घरी तिने चौदावा प्रश्न वाचला, माणूस ‘नाय’ म्हणाला. तिने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “भट्टीवर सकाळी चहासंगं काय देतं मुकादम?”

“गोळी,” तो म्हणाला.

“कनची?”

“लाल. अंग दुखत नाय मंग. दोन पन देतं, उनाचं.”

“रोज?”

“रोज नाय तं काय, एक दिस आड? गोळीबिगर विटा निघतील काय?”

पाड्यावर औषध म्हणजे आजारी माणसाने घ्यायची गोष्ट. धडधाकट गड्याला ‘औषध घेतोस का’ विचारलं तर तो नाहीच म्हणणार, वर त्याला जरा रागही येणार. भट्टीवरची लाल गोळी ही चहातल्या साखरेसारखी, कामाचाच भाग. पाच-सहा महिने रोज अंगदुखीची गोळी, वर भट्टीची धग, आणि पाणी कमी प्यायचं, कारण लघवीला गेलं की विटा कमी पडतात. यात किडनी राहील कशी? हे कळायला डॉक्टर व्हायला नको. मी तिथेच कपाळावर हात मारला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. आणि हे सगळं लाडकीला ठाऊक होतं, कारण वयाच्या बाराव्या वर्षी तिनेही ती गोळी चहाबरोबर गिळली होती.

सप्टेंबरात ती कचेरीत आली आणि सरळ डॉक्टरांच्या टेबलापाशी उभी राहिली. “सर, चौदावा प्रश्न चुकीचा हाय,” म्हणाली आणि गोळीचं सगळं सांगितलं.

डॉ. यतीन तसे सभ्य. आवाज कधी चढवायचे नाहीत. ते म्हणाले, “लाडकीताई, प्रश्न सगळ्यांना एकाच शब्दांत विचारायचा असतो. तुम्ही सुचवून विचारलंत की ते उत्तर तुमचं झालं, त्यांचं राहिलं नाही.”

“मंग सगळ्यांना असंच विचारा ना, सर.”

“आता मध्येच बदलता येत नाही. पाचशे फॉर्म झालेत. पुढच्या अभ्यासात नक्की बघू.”

नियम खोटा नव्हता, हे मलाही कळतं. तोंडात घास कोंबून ‘जेवलास ना?’ असं विचारायचं नसतंच. पण नियम माणसाच्या सोयीसाठी की माणूस नियमाच्या? चूक समोर उभी राहून स्वतःचं नाव सांगते आहे आणि हा गृहस्थ तिला पुढच्या अभ्यासाची तारीख देतो आहे! मला त्या वेळीच बोलायला हवं होतं. मी चहाचे कप गोळा केले.

लाडकीने एकसष्ट फॉर्म भरले, त्यांतला एक चैत्याचा. रक्त घेण्याआधी प्रत्येकाला एक कागद वाचून दाखवायचा असे, त्यात लिहिलं होतं, ‘रक्तात बिघाड आढळल्यास पंधरा दिवसांत आपल्याला घरी कळवले जाईल व पुढील उपचारांसाठी मदत केली जाईल.’ बाकीच्या मुली ते गुळगुळीत वाचून अंगठा घ्यायच्या. लाडकी समजावून सांगायची, वर स्वतःची ग्वाही द्यायची. लोक तिच्या शब्दावर हात पुढे करायचे.

ऑक्टोबरात फॉर्म भरायचं काम संपलं, साठवलेलं सगळं रक्त आता एकदमच तपासायला जायचं होतं. पैसे पुरवणाऱ्या कंपनीचे पाहुणे आले होते, त्या दिवशी कचेरीत पापलेट तळलं जात होतं, कोळंबीचा रस्सा होता. त्या वासात डॉक्टरांनी माझ्यापुढे अकरा-बारा कागद सरकवले. ‘माहितीची शुद्धता तपासणी’ असं वर लिहिलेलं. “रुटीन आहे, सिस्टर,” म्हणाले. मी सह्या केल्या आणि हात धुऊन पानावर बसले. पापलेट चांगलं झालं होतं, दोन तुकडे खाल्ले.

दिवाळी झाली. मुकादमाची पहिली गाडी पाड्यावर आली आणि गेली. लाडकीने चैत्याला जाऊ दिलं नाही. रक्ताचा कागद येऊ दे, मग बघू, म्हणाली. पंधरा दिवस सरले, महिना सरला. देवदिवाळीला दुसरी गाडी यायची होती. तिच्या आदल्या दिवशी लाडकीचा मला फोन आला.

“सिस्टर, चैत्याचा कागद नाय आला.”

मी डाळ निवडत होते. मी म्हटलं, “नाही आला म्हणजे चांगलंच आहे गं. वाईट काही असतं तर आला असता.”

“खरं ना?”

“अगं, कागदावर लिहिलंय ना तसं. तूच वाचून दाखवत होतीस की.”

चैत्या गेला. मे महिन्यात परतला तो तोंड सुजवून, डोळ्यांच्या फटी झालेल्या, अंगठ्याने दाबलं की पायावर खळगा पडायचा आणि भरायचा नाही. रक्तातलं क्रिएटिनिन, किडनी किती बिघडली ते दाखवणारा आकडा, अकरा. चांगल्या माणसाचं एकच्या आसपास असतं. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी लाडकी त्याला इको गाडीत घालून वापीला डायलिसिसला नेते. दोन्ही किडन्या गेल्या.

जूनमध्ये महामार्गावरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये अभ्यासाचे निष्कर्ष सांगायचा कार्यक्रम झाला. फिरणाऱ्या मुलींना बोलावणं नव्हतं, मला होतं. पडद्यावर तक्ता आला. किडनी बिघडण्याचा धोका कुणाला जास्त? पुरुषांना. शेतीकाम करणाऱ्यांना. कमी शिकलेल्यांना. म्हणजे अडाणी असल्यामुळे किडनी जाते! चैत्या आठवीतच राहिला म्हणून त्याची किडनी गेली, नववी केली असती तर वाचला असता बहुधा. आणि खाली शेवटची ओळ, ‘वेदनाशामक गोळ्या घेणारे : दोन टक्के. आजाराशी संबंध आढळला नाही.’ टाळ्या पडल्या. माझ्या शेजारची बाई बासुंदीची वाटी चाटत टाळ्या वाजवत होती. माझी वाटी मी तशीच खुर्चीखाली सरकवली.

मी जेवणाच्या रांगेत डॉक्टरांना गाठलं. “दोन टक्के कसे, सर? एकट्या लाडकीच्या फॉर्मांत चोपन्न जण आहेत.”

“म्हणूनच तर ते वगळले,” ते म्हणाले. “सहा जणींकडे दोन टक्के आणि एकीकडे नव्वदच्या घरात, असं होत नसतं. तिची माहिती विश्वासार्ह नव्हती. तुम्हाला दाखवलं होतं ना, सिस्टर? सही आहे तुमची.”

“आणि त्यांचं रक्त?”

“वगळलेल्यांचं रक्त तपासत नाहीत. चाचण्या महाग असतात.” एवढं बोलून त्यांनी पुरी घेतली.

मी तशीच रिक्षा करून मसोलीच्या कचेरीत आले. किल्ली माझ्याकडे असे. मागच्या खोलीतल्या फ्रीजरच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात त्या ट्यूब होत्या, रबर लावून बांधलेल्या. मोजल्या. एकसष्ट. चैत्याची ट्यूब चाळिसाव्या नंबरची, झाकण कधी उघडलेलंच नव्हतं. फाइलमध्ये यादी होती, एकसष्ट नंबरांपुढे ‘वगळले’, आणि खाली माझी वळणदार सही, जिचं सारं खातं कौतुक करायचं. कोपऱ्यात तेलाचा डाग होता. पापलेटचा. आधी डॉक्टरची किळस आली होती, कंपनीची, त्या बासुंदीची. आता स्वतःच्या हाताची आली. हात नळाखाली धरून चोळला तरी ती जाईना.

खरं म्हणजे हे लाडकीला कोण सांगायला येणार होतं? न सांगता माझं निभलं असतं. पण रात्री झोप लागेना, तेव्हा शुक्रवारी मी वापीला गेले. डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकड्यावर ती बसली होती. आत चैत्याचं रक्त मशीनमधून फिरत होतं. मी तिला सगळं सांगितलं. फॉर्म वगळल्याचं, ट्यूब न तपासल्याचं, सहीचं, आणि मी फोनवर काय बोलले होते त्याचंही. चार माणसांत शिव्या देईल, कदाचित हातही उचलेल, असं वाटत होतं. मला ते हवंही होतं.

तिने मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. मग म्हणाली, “ते रक्त कवापासून हाय फ्रीजमंदी?”

“ऑगस्टपासून.”

“तवा तपासलं असतं तं समजलं असतं?”

“समजलं असतं. गोळी बंद केली असती तर कदाचित इथवर आलं नसतं.”

तिने पदराने तोंड पुसलं. माझ्याकडे बघितलं नाही, आतल्या दाराकडे बघत राहिली.

“दुसरी गाडी आली ना, सिस्टर, तवा तो जात नव्हता. म्हनला, बाय, पाय जड वाटतात, यंदा नाय जात. मीच बोलली त्याला. कागद नाय आला म्हंजे तू बरा हायस, आळस नको करू. त्याचं गाठोडं मीच चढवलं गाडीत.”