चार विलायती पोट्टे आणि माझी वरात

माझ्या लग्नात नवरदेव वऱ्हाडाच्या आधी आला. एकटा, घोड्यावर, बाशिंग कानावर घसरलेलं. याला कारण माझा काका आणि विलायतेतले चार पोट्टे. त्या बिचाऱ्यांना रिठद नावाचं गाव आहे हेसुद्धा कधी कळलं नसेल.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. काका मुंबईत एका गोऱ्या साहेबाच्या कचेरीत चपराशी होता. साहेब सुट्टीवर विलायतेला गेला आणि येताना गाण्याची एक मोठी तबकडी घेऊन आला. मडमेनं ती महिनाभर ऐकली, विटली आणि काकाला देऊन टाकली. काकानं ती दोन धोतरांत गुंडाळली आणि थेट वाशीमच्या टेसनापर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही. पुठ्ठ्यावर चार पोरं गिटारी घेऊन दात काढून उभी होती.

"यायची पयलीच तबकडी हाय ही," काका येईल त्याला सांगायचा. "पयलीच! तिकडं दुकानापुढं रांगा लागल्या. पोट्ट्यायनं बंगले बांधले बंगले!"

"पयल्याच तबकडीत बंगले झाले," माझे बाबा म्हणाले, "तं मंग दुसरी कायले काढतीन?"

आमच्या घरी चावीचा फोनो होता, भोंगा असलेला. ओसरीत सारा गाव जमला. काकानं चावी मारली, सुई टेकवली, आणि अव माय! साळुंक्यांच्या थव्यात मांजर शिरावं तसा कलकलाट. शब्दावर शब्द आणि ढोलाचा नुसता तडतडाट. आमचे म्हातारे कानावर हात ठेवून बसले. बाबा तेवढे विचारात पडले. म्हणाले, "इतके घाईचे लोक, मंग इथं दीडशे वरसं कसे थांबले?"

आता मला माहीत आहे की ती तबकडी सावकाश फिरवायची होती, आणि आमचा फोनो तिला दुपटीहून जास्त वेगानं गरगरा फिरवत होता. तेव्हा हे कुणाला ठाऊक? काकानं मुंबईत ती नुसती पाहिली होती, ऐकली कधी नव्हती. मधेच चावी उतरत आली की आवाज खाली यायचा, पोरं माणसासारखी गायला लागायची, गोडसुद्धा वाटायची. तेवढ्यात ओसरीभर ओरडा व्हायचा, "बिघडलं, बिघडलं! चावी मार!" आणि काका धावत जाऊन गाणं दुरुस्त करायचा.

ह्याच काकानं जाहीर केलं की पुतणीच्या वरातीत विलायती गाणं वाजलंच पाहिजे. मला त्या वेळी गाण्याचं काही सुचत नव्हतं. माझ्या डोक्यात एकच भुंगा होता, की नवरदेव बोलतो की नाही?

हसू नका. मला बघायला मालेगावची मंडळी आली तेव्हा हा माणूस दोन बशा पोहे खाऊन गेला, पण चकार शब्द बोलला नाही. त्याला काहीही विचारलं की उत्तर त्याचा मामा द्यायचा. "पानी घेता का?" आईनं विचारलं, तर मामा म्हणाला, "घेते तो." माझ्या मैत्रिणींनी तेव्हाच निकाल देऊन टाकला, मुका आहे. आणि मी कोण? झोपेतसुद्धा भांडणारी पोरगी. मुक्या माणसाशी संसार केला असता, नाही असं नाही. पण मला न सांगता माझ्या गळ्यात बांधणार? त्या विचारानं माझा जीव रडकुंडीला यायचा.

"बाबा, तो पोट्टा बोलते का?" मी एकदा विचारलंच.

"बोलते म्हंजे? बारमाही विहीर हाय त्याच्या वावरात."

"विहीर बोलनार हाय का माह्यासंगं?"

बाबांनी जोडा शोधायला सुरुवात केली, म्हणून मी पळाले. पण पळता पळता शपथ घेतली. त्याचा आवाज ऐकल्याशिवाय माळ घालायची नाही. अंतरपाट धरलेला असला तरी नाही. मग गावभर शोभा झाली तर होऊ दे.

इकडे वाशीमचे बँडमास्तर तीन दिवस आमच्या ओसरीत मुक्कामाला होते, विलायती गाणं उतरवून घ्यायला. मास्तरांना वाचता येत नसे, पण कान असा की एकदा ऐकलं की बोटांत उतरलं. ह्या गाण्यानं मात्र त्यांना घाम फोडला. सनई वाजवताना डोळे बाहेर यायचे. ढोलवाल्याच्या मनगटाला आईनं हळद बांधली.

"भाऊ, हे गानं हाय का मांगं कुत्रं लागलं?" मास्तरांनी काकाला विचारलं.

"विलायतेत असंच वाजवतात."

झालं! मास्तरांच्या इभ्रतीला लागलं. "ते वाजवतात तं आमी काहून नाई?"

त्यात आणखी एक घोटाळा. आम्हाला माहीत असलेल्या तबकड्यांवर एका बाजूला एकच गाणं असे. ह्या तबकडीवर एका बाजूला सहा होती, आणि त्या वेगात दोन गाण्यांमधली फट कुणाला दिसते? मास्तरांनी सहाही गाणी मिळून एकच गाणं समजून पाठ केलं. "लांब हाय, पन मधी थांबता येत नाई," ते म्हणाले. "अर्धं सोडलं तं शोभत नाई."

लग्नाचा मुहूर्त गोरजेचा होता. वऱ्हाड गावाच्या त्या टोकाला जानोशात उतरलेलं. तिथून आमच्या मांडवापर्यंत वरात यायला दोन घंटे लागतात, मधे नाचणारे नाचतात, रुसणारे रुसतात. त्या हिशेबानं आई परसात भाताचं आधण ठेवत होती आणि मी न्हाणीपाशी अर्धी वेणी घालून बसले होते.

तेवढ्यात लांबून तो कलकलाट ऐकू आला. मला वाटलं काकानं फोनो लावला. पण आवाज जवळ जवळ येत होता, आणि फार भराभर येत होता.

घडलं ते असं. नवरदेवाचं घोडं बँडवाल्यांचंच. त्याला लगाम कळत नसे, ढोल कळे. ढोल हळू तर चाल हळू. मास्तरांनी जानोशापुढं विलायती गाणं सुरू केलं आणि घोड्यानं आयुष्यात पहिल्यांदा दुडकी धरली. नवरदेव मानेला मिठी मारून बसला. घोडं पुढं गेलं म्हणून बँड मागं पळाला, बँड जवळ आला म्हणून घोडं आणखी पळालं. मामा आणि बाकीचं वऱ्हाड जानोशात फेटेच बांधत राहिलं.

मांडवात त्या वेळी एक आचारी झोपलेला होता. घोडं त्याला ओलांडून गेलं. गाणं संपलं नव्हतं, म्हणून घोडं थांबेना. घोडं थांबेना, म्हणून मास्तरांना वाटलं वरात चालू आहे. घराला दोन फेरे झाले. तिसऱ्या फेऱ्याला ढोलवाला खाली बसला, मास्तरांची सनई फुस्स झाली, आणि घोडं परसात माझ्यापुढं उभं राहिलं.

"नवरदेव आला वो!" आई किंचाळली. "आन् माहा भात कच्चा!" ती बाबांना सांगायला पुढच्या अंगणात पळाली. बाबा अंगणातून ओरडत होते, "थांबा रे! मुहूर्ताले आजून दीड घंटा हाय!" आणि तसेच अनवाणी जानोशाकडे धावले. काका तिकडंच मास्तरांना पाणी पाजत होता. परसात उरलो आम्ही दोघं आणि घोडं.

नवरदेव घसरत खाली उतरला. मी लाजले वगैरे नाही. पदर खोचला आणि विचारलं, "तुमाले बोलता येते का?"

तो लालबुंद झाला. त्यानं तोंड उघडलं, पण आवाज येईना.

"ये... ये..." तो म्हणाला. मान ताणली, डोळे मिटले. "येते. पन मले... टा... टाइम लागते."

मग तो अडखळत, थांबत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत बोलला. मामानं दम दिला होता, पोरीपुढं तोंड उघडशील तर पोरगी नाही म्हणेल, लग्न झाल्यावर सांगू. त्याला ते पटलं नव्हतं. रात्ररात्र झोप नव्हती. तो काय म्हणणार ते मला दर वेळी आधीच कळत होतं, आणि पुढचा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. मी जन्मात पहिल्यांदा जीभ दाताखाली धरली.

"तु... तुले नाई म्हनाचं असन," त्यानं शेवटी सांगितलं, "तं आ... आत्ताच म्हन."

घाम त्याच्या बाशिंगातून गळत होता. मला एकदम रडूच आलं. मी न्हाणीपाशी होता तो पाट उचलला, पदरानं पुसला आणि त्याच्यापुढं ठेवला.

"बसा," मी म्हटलं. "आजून काय सांगाचं हाय ते सांगा. दीड घंटा हाय."