प्रार्थनेत उघडे डोळे

लग्न होऊन मी नगरकडून नाशिकला आले, तेव्हा मला सगळं नीट ऐकू येत होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे आमच्या चर्चमधल्या बायकांची समजूत झाली की मी मुळातच अबोल आणि जराशी शिष्ट आहे. माहेरी मला बडबडी म्हणायचे.

मुलगी झाली आणि डाव्या कानात गुणगुण सुरू झाली, लांब कुठेतरी पिठाची गिरणी चालू असावी तशी. बाळंतपणाचा अशक्तपणा असेल म्हणून मी कुणाला बोलले नाही. पुढे उजवा कानही मंदावला. भांडं पडलेलं कळायचं, पण माणसांचे शब्द पाण्यात भिजलेल्या कागदासारखे यायचे. मी ओठ वाचायला शिकले. नाही कळलं तर हसायची. हसलं की लोक पुढे विचारत नाहीत.

माझी एक आत्या बहिरी होती. तिला घरात कुणी नावानं हाक मारत नसे. तिच्यादेखत तिच्याविषयी बोलणं चालायचं. ती कोपऱ्यात बसून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. मला तिच्यासारखं व्हायचं नव्हतं, म्हणून मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही.

नवरा ओझरच्या कारखान्यात फिटर होता. बोलणं मुळातच हळू. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून आला की मोरीत हातपाय धुता धुता, पाठमोरा, दिवसभरातलं काहीबाही सांगायचा. पाठीला ओठ नसतात. मी पोळ्या लाटत राहायची. आधी तो दोनदा विचारायचा, मग एकदा, मग त्यानं बोलणंच सोडलं. तीन माणसांच्या त्या घरात जेवताना फक्त ताटं हलायची.

रविवारी दुपारी पाळीपाळीनं कुणाच्या तरी घरी प्रार्थना असे. सतरंजीवर गोल बसायचं, डोळे मिटायचे आणि एकेकानं मोठ्यानं प्रार्थना करायची. डोळे मिटले की मी संपलेच. पाळी कुणाची, माझी केव्हा, काहीच कळणार नाही. म्हणून सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना माझे उघडे असायचे. देवाशी बोलताना माणसं चेहरा सांभाळत नाहीत. कुणाचा नवरा पितो, कुणाला मूल होत नाही, कुणाची सून घर सोडून गेली, हे सगळं मी त्या थरथरणाऱ्या ओठांवरून वाचलं. मला सगळ्यांचं ठाऊक होतं. माझं कुणालाच नाही.

माझी पाळी आली की मी प्रत्येकासाठी मागायची. कानाचं मात्र कधीच नाही. देवाला काय, सगळं कळतंच, वेगळं कशाला सांगायचं, अशी मी स्वतःची समजूत घालायची. खरं म्हणजे त्याच्यापुढेही मी हसूनच वेळ मारून नेत होते.

एका रविवारी प्रार्थना आमच्या घरी होती. नवरा सहसा मोठ्यानं प्रार्थना करत नसे. त्याची पाळी आली की थोडा वेळ जायचा आणि मग मी सुरू करायची. त्या दिवशीही तो हनुवटी छातीला टेकवून बसला होता. मी थोडी थांबले आणि सुरू केलं, "हे दयाळू बापा..."

दोन वाक्यं झाली असतील. समोरच्या बाईनं डोळे उघडले. मग तिच्या शेजारणीनं. मग चर्चच्या पाळकसाहेबांनी. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि नवरा जमिनीकडे.

सगळे गेल्यावर तो माझ्यासमोर उभा राहिला.

"मी बोलत होतो," तो म्हणाला.

"काय बोलत होता?"

"तुझ्याबद्दलच. आणि तू मध्येच तोडलंस. चारचौघांत."

"मला ऐकू आलं नाही."

"कसं येईल? तुला माझं ऐकायचंच नसतं."

"अहो, मला ऐकू येत नाही. कुणाचंच येत नाही."

"कधीपासून?"

"ही झाली तेव्हापासून."

मुलगी तेव्हा शाळेत जाऊ लागली होती. तो दाराच्या पायरीवर जाऊन बसला. बऱ्याच वेळानं आत आला. "मला वाटायचं, तुला मी आवडत नाही," एवढंच म्हणाला. त्या प्रार्थनेत काय मागत होता, ते मी विचारलं. "ते आता नाही सांगता येणार," तो म्हणाला. त्यानं ते कधीच सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या रविवारी माझी पाळी आली तेव्हा मी डोळे मिटले आणि म्हणाले, "प्रभू, मला ऐकू येत नाही. मला लाज वाटते. आणि मला फार एकटं वाटतं." आमेन म्हणून डोळे उघडले. कुणी रडत होतं, कुणी सतरंजीची दशी ओढत होतं. बऱ्याच जणी एकदम बोलत होत्या, त्यामुळे मला एकीचंही कळलं नाही.

त्यानंतर काही जणी माझ्या कानाशी ओरडायला लागल्या. काहींनी चर्चच्या दाराशी नुसता सलाम करून घाईनं पुढे जायला सुरुवात केली, त्यांना काय बोलावं सुचत नसेल. एक वयस्कर विधवा बाई मात्र त्याच आठवड्यात घरी आल्या. खिडकीतला उजेड तोंडावर पडेल अशा, अगदी समोर बसल्या आणि म्हणाल्या, "आता सांगा, कसं असतं ते?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी गुणगुणीचं सांगितलं, आत्याचं सांगितलं, बाळ हललेलं कळावं म्हणून पाळण्याची दोरी रात्रभर मनगटाला बांधून झोपायची तेही सांगितलं. त्यांनी सांत्वन केलं नाही. नुसतं ऐकलं.

नंतर नवऱ्यानं मला ऐकायचं यंत्र आणून दिलं. डबी ब्लाऊजला अडकवायची, वायर कानात. त्यातून पदराची खसखसच जास्त ऐकू यायची. नवरा मात्र माझ्याकडे तोंड करून बोलायला शिकला. अवघडून, एखाद्या साहेबाशी बोलावं तसं बोलायचा. मधली वर्षं काही भरून आली नाहीत. कितीतरी संध्याकाळी आम्ही एकमेकांसमोर बसायचो आणि दोघांनाही विषय सापडायचा नाही. मग तो खुर्ची थोडी पुढे ओढायचा आणि कारखान्यात आज काय झालं ते पहिल्यापासून सांगायला लागायचा.