शुक्रवारपर्यंतचा बंद कान

इंग्लंडातल्या ग्रिम्झबीच्या नगरपालिकेत कामाला असलेल्या हेलीचा जीव बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यापासून थाऱ्यावर नव्हता. अट सरळ होती: परतल्यावर तीन महिने कामावर राहायचं, त्याआधी राजीनामा दिला, तर रजेत कायद्याच्या भत्त्यावर मिळालेला जादा पगार परत करायचा. तो पगार तर केव्हाच घरभाड्यात विरघळला होता. आणि इकडे तिचं बाळ, रॉनी, सोफ्याला धरून उभा राहू लागला होता. त्याचं पहिलं पाऊल आपल्या डोळ्यांदेखत पडावं, एवढंच तिला हवं होतं. तीन महिने भरले की नोकरी सोडायची, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं आणि कुणाजवळ ब्र काढला नव्हता.

रोज जेवणाच्या सुट्टीत ती घरी रॉनीला सांभाळणाऱ्या आईला फोन करी.

"चालला?"

"नाही गं बाई. बुडावर आपटतोय नुसता. तू जेव आधी."

डबा तसाच घरी परत जाई.

शेवटच्या आठवड्यात तिचा वाढदिवस आला. ज्याचा वाढदिवस, केकही त्यानेच आणायचा, अशी तिथली रीत; नोकरी सोडून जाणाराही केकच आणतो. हेलीने टेबलावर केक ठेवला, तशी साहेबीण मॉरीन डोकावून म्हणाली, "काय गं, निघालीस की काय आम्हाला सोडून?"

बाईने नुसती गंमत केली होती. पण चोराच्या मनात चांदणं! हेली पांढरीफटक पडली.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

सगळी कचेरी वळून बघू लागली. हेच बोलणं राजीनामा म्हणून धरलं तर मेलेच, असं तिला झालं. असली कसली मेली ही जीभ!

मॉरीनने सावकाश केकचा तुकडा उचलला. "वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या मी. ती काय बोलली, ऐकलं का कुणी? माझा तर हा कान शुक्रवारपर्यंत बंद आहे." मग जाता जाता हेलीकडे वाकून म्हणाली, "माझा पोरगा शेजारणीच्या घरात चालायला लागला, तेव्हा मी इथे होते. सोमवारी ये माझ्याकडे."

शुक्रवारी तीन महिने भरले. हेली धावतच घरी पोचली. तिला पाहताच रॉनीने सोफा सोडला आणि तो चालत पुढे आला.

"अगंबाई, पहिलं पाऊल!" आईने टाळ्या पिटल्या. "तुझ्यासाठीच थांबला होता बघ!"

हेलीने हात पसरले. रॉनी मध्येच थांबला, वाकून त्याने चेंडू उचलला, गर्रकन वळला आणि तो आजीला नेऊन दिला.

आई तिच्याकडे बघेना.

"हो गं आई, पहिलंच," हेली म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.