लिफ्टवाल्याचा चौथा मजला

घर बघायला गेलेला माणूस आधी काय बघतो? नळ सोडून पाणी येतं का बघतो, खिडकीतून डोकावतो, ओल आहे का म्हणून भिंतीला हात लावतो. आमच्या लिफ्टवाल्याने यातलं काही केलं नाही. दलाल आत स्वयंपाकघराचे गोडवे गात होता आणि हा बाहेर जिन्यापाशी गुडघे टेकून, प्लायवूडची फळी बाजूला सारून, लिफ्टसाठी सोडलेल्या रिकाम्या पोकळीत टॉर्च मारत होता. बिल्डरचे पैसे संपले तेव्हा लिफ्ट राहून गेली होती आणि तिच्या जागेत चार मजले कबुतरं नांदत होती.

"साहेब, आत तर या," दलाल म्हणाला.

"आत काय, खोल्या असतीलच. ओळंबा सोडून बघतो, थांबा जरा."

ओळंबा चार मजले सरळ खाली गेला. भिंत कुठे पोट सुटल्यासारखी पुढे आली नव्हती. याला त्या अंधारात लिफ्ट दिसायला लागली. दुसऱ्या कुणाला तिथे नुसता खड्डा दिसला असता आणि तो माणूस शहाण्यासारखा घरी गेला असता. पण सव्वीस वर्षं लोकांच्या लिफ्टा बसवून दिलेला माणूस, त्याला खड्डा कसा दिसणार?

खरं सांगायचं तर त्याला दुसरा पर्यायही नव्हता. त्या शहरात पगारावर जगणाऱ्याने घराचं नाव काढलं की लोक तब्येतीची चौकशी केल्यासारखे हळू आवाजात बोलत. तो आणि त्याची आई, दोघांनी मिळून भाड्याच्या अकरा खोल्या बदलल्या होत्या. त्याचं लग्नही त्यातच राहिलं. मुलीकडचे विचारत, "घर स्वतःचं का?" हा म्हणे, "होईल." होईल होईल म्हणता वय सत्तेचाळीस झालं आणि विचारणारे यायचे बंद झाले. लिफ्ट नाही म्हणून चौथ्या मजल्यावरच्या या दोन खोल्या खालच्यांपेक्षा तिसऱ्या हिश्शाने स्वस्त होत्या. त्याच्या आवाक्यात बसणारं अख्ख्या शहरात तेवढंच होतं.

अडचण एकच होती, आणि ती मोठी होती. आईचे गुडघे. तीस वर्षं एका लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलापुढे उभी राहून तिने ते कामातून घालवले होते. म्हणून अकराच्या अकरा खोल्या तळमजल्यावरच्या. खोली कसलीही असो, उंबऱ्याशी बसलं की रस्ता तिचा. कुणाचं जमलं, कुणाचं फिसकटलं, कोण नवं राहायला आलं, सगळं तिला आधी कळे. हिच्याजवळ दोन घटका टेकल्याशिवाय बायका पुढे जात नसत. बोलल्याशिवाय तिला अन्न गोड लागायचं नाही.

"एक वर्ष कळ काढ," तो तिला म्हणाला. "फार तर दीड. मी स्वतः लिफ्ट बसवतो. बटण दाबायचं आणि खाली."

"तू म्हणतोस तर काढते," आई म्हणाली.

सामान हलवणाऱ्या दोघांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं. बहात्तर पायऱ्या. "राणीसारखी आले की नाही?" असं ती वर पोहोचल्यावर म्हणाली, आणि खिडकीशी जाऊन खाली बघत राहिली. खालची माणसं तिथून बोटाएवढी दिसत होती.

त्या एका वर्षाची चार वर्षं झाली. लिफ्ट बसवायची तर इमारतीतल्या पाऊणशे टक्के घरांची संमती लागते. तळमजल्याला लिफ्टचा उपयोग नाही, पहिल्याला गरज नाही, दुसऱ्याला खर्च नको. तळमजल्यावरचे एक निवृत्त कारकून काका तर हात धुऊन मागे लागले होते. त्यांनी लिफ्टच्या विरोधात तीन अर्ज लिहिले, तेही कार्बन कागद घालून. आवाज होईल, विजेचं बिल वाढेल, कबुतरं कुठे जातील, एक ना दोन. चार बैठका झाल्या. चारही वेळा हा तोंड पाडून वर आला.

"नाही म्हणाले?" आई विचारायची.

"पुढच्या वेळी बघू."

"मला काय घाई आहे? हवा किती छान येते इथे."

त्याने एकदा सुचवलं होतं, दर रविवारी दोन माणसं लावून तुला खुर्चीतून खाली नेतो. ती उखडली. "मी काय कपाट आहे, उचलून न्यायला?" मग त्याने तो विषय काढला नाही. आई रमली, असं त्याने मनाशी धरलं. आपल्या सोयीचं असलं की माणसाला पटकन पटतं. सकाळी आठला तो घर सोडी, संध्याकाळी सातला येई, आणि आई त्याला इमारतीच्या बातम्या देई. दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंची बदली रद्द झाली, काकांचा दात काढला. "तुला गं कसं कळतं?" असं त्याने विचारलं की म्हणे, "आवाज वर येतात रे." हा मान डोलवी. तिचे गाऊन मात्र मागच्या बाजूने फार लवकर विरत. "सारखी खुर्चीत बसून असतेस, जरा घरातल्या घरात चालत जा," असं तो तिला रागावलाही होता.

पाचव्या बैठकीला त्याने कंबर कसली. खर्च, बचत, घरांची वाढणारी किंमत, सगळं एका मोठ्या कागदावर रंगीत पेनांनी मांडलं. तो बोलायला उभा राहतो न राहतो तोच कारकून काकांनी हात वर केला. "माझी संमती लिहा." त्यांच्या मागोमाग सगळे. दहा मिनिटांत बैठक संपली. दुसऱ्या दिवशी कामावर याचा पाय जमिनीवर नव्हता. "कागदावर मांडलं की माणसाला पटतं," असं तो कंपनीत ज्याला त्याला सांगत सुटला. तो रंगीत कागद त्याने जपून ठेवला.

पुढे मात्र त्याने जीव ओतून काम केलं. कंपनीच्या मालकाने आपला परवाना वापरू दिला, एका पाडलेल्या हॉटेलातली मशीन स्वस्तात मिळाली. साठवलेली सगळी रजा काढून दोन सहकाऱ्यांच्या मदतीने हा सात आठवडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत जिन्यालगतच्या त्या पोकळीत लोंबकळत होता. कबुतरं हाकलली, रेल ठोकल्या, दोर ओढले. त्या सात आठवड्यांत आई जरा कोमेजली. बातम्याही थांबल्या. "बरं वाटत नाही का?" असं त्याने विचारलं. "वय झालं रे," ती म्हणाली. लिफ्ट सुरू झाली की ही ताजीतवानी होईल, असं म्हणून त्याने कामाचा वेग वाढवला.

शनिवारी दुपारी लिफ्ट चालू झाली. वाळूची पोती भरून त्याने ती वीस वेळा खालीवर केली. दर मजल्यावर लादीला लादी लागून उभी राहत होती, केसाचाही फरक नव्हता. आई दार धरून बघत होती. केस विंचरून, ठेवणीतला गाऊन घालून उभी होती.

"एकदा बसव ना रे," ती म्हणाली.

"सोमवारी. इन्स्पेक्टर येऊन कागदावर सही करतील, मग."

"चालतेय की. डोळ्यांनी बघतेय मी."

"आई, सहीशिवाय मी कुणालाच बसवत नाही. तुला तर नाहीच."

त्याचंही काही चूक नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका मालकाच्या घाईपायी वरिष्ठांनी सहीआधी लिफ्ट सुरू करून दिली होती, आणि तिथल्या रखवालदाराचा पाय गेला होता. तो पाय याने पाहिला होता. त्यानंतर मंत्री येवो नाहीतर मालक, सहीशिवाय याच्या लिफ्टमध्ये पाऊल ठेवायची कुणाची टाप नव्हती. कंपनीत त्याचा दाखला देत. आईसाठी नियम मोडावा, हे त्याच्या मनातही आलं नाही.

"चार वर्षं काढलीस, दोन दिवसांनी काय होतंय?" तो हसून म्हणाला.

"काही नाही होत," आई म्हणाली, आणि आत जाऊन तिने गाऊन बदलला.

रविवारी सकाळी तो चहाचे कप घेऊन तिच्या खोलीत गेला. ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. हाक मारली, हलवलं, मग कप कुठे ठेवले ते त्याला आठवेना. नर्सबाई धावत वर आल्या, नाडी बघून त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग डॉक्टर आले आणि त्यांनीही तेच सांगितलं.

खाली गाडी आली. स्ट्रेचर वर आलं. कुणीतरी नकळत बोलून गेलं, "लिफ्ट आहे ना आता?"

"सही झालेली नाही," हा म्हणाला. तीस वर्षांच्या सवयीने तोंडातून गेलं. बोलून झाल्यावर त्याला काय बोललो ते ऐकू आलं, आणि तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. तशीही चार माणसांच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावलं नसतं. काल मात्र आई तिच्यात मावत होती.

जिन्याने निघाले. डोक्याकडची बाजू याने धरली होती. तिसऱ्या मजल्यावर शिकवणी घेणाऱ्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी घाईघाईने दारातलं स्टूल बाजूला घेतलं आणि त्या रडायला लागल्या. "हे त्यांच्यासाठीच ठेवायचे मी. इथे पहिला दम घ्यायच्या."

"कोण?" त्याने विचारलं.

बाई गोंधळल्या. त्यांनी खाली नर्सबाईंकडे पाहिलं.

"त्यांना माहीत नाही," नर्सबाई म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या आई खाली यायच्या हो. तुम्ही कामावर गेलात की. बसून, एकेक पायरी घसरत. आठवड्यातून तीनदा तरी. दुसऱ्या मजल्यावर माझ्याकडे पाणी प्यायच्या. उतरायला पाऊण तास, चढायला दोन. हातांवर जोर देऊन उलट्या चढायच्या, पाठीमागे."

स्ट्रेचर मधल्या वळणावर थांबलं. विरलेले गाऊन, बातम्या, सगळं त्याच्यापुढे एकदम उभं राहिलं. आणि गेले सात आठवडे तो याच जिन्याला लागून काम करत बसला होता. तो घरी असल्यामुळे तिला उतरताच आलं नव्हतं. लिफ्ट बांधता बांधता त्याने तिचा जिना बंद केला होता.

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणायच्या, त्याने एवढ्या हौसेनं घर घेतलंय, त्याला वाटेल आई सुखी नाही."

तळमजल्यावर कारकून काका अनवाणी उभे होते. त्यांनी स्ट्रेचरला हात लावला. "तो तुझा रंगीत कागद मी वाचलाच नव्हता रे," ते म्हणाले. "त्यांना घसरत उतरताना डोळ्यांसमोर बघत होतो ना. किती दिवस बघणार?"

फाटकाच्या आत एक बाक होता. रोज कामावर जाताना तो त्याच्यावरून जायचा, पण तिथे कोण बसतं हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. आज तिथल्या तीन म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या. त्या शेजारच्या इमारतीतल्या होत्या. गाडीत स्ट्रेचर चढलं. मग त्यांतली सर्वांत थकलेली पुढे आली.

"तू काम सुरू करायच्या आदल्या दिवशी आली होती ती. म्हणाली, आता मुलगा घरात, यायला जमायचं नाही. लिफ्टने येईन एकदम. तो मला हाताला धरून आणेल, तेव्हा तुम्ही ओळख दाखवायची नाही. मी पहिल्यांदाच खाली आलेय असं वाटलं पाहिजे त्याला. काय विचारायचं ते आमच्याकडून दोनदा घोकून घेतलं तिने. आम्ही हसत होतो, तर रागावली."

"काय विचारायचं होतं?"

म्हातारीने मान हलवली. आता कशाला, अशी.

"विचारा," तो म्हणाला. "विचारा ना."

गाडीचं दार अजून उघडं होतं. तिने पदराने डोळे पुसले, आत पाहिलं आणि पाठ केल्यासारखं विचारलं, "ह्या कोण? नवीन राहायला आल्या का?"

"माझी आई," तो म्हणाला. "चौथ्या मजल्यावर राहते."