पाइन, पोर आणि तुळसाबाईंचा कान

झाड लहानच राहावं म्हणून गोपीनाथ केण्यांच्या घराण्यात आजवर कुणी खपलं नव्हतं. खाडीकाठच्या कोपरमध्ये त्यांची पिढ्यान्पिढ्यांची भातशेती. लावलेलं वाढावं, पसरावं, दाण्यांनी वाकावं, एवढंच त्यांना ठाऊक. मग शेतावर इमारती आल्या आणि त्यातल्या एकीचा वरचा मजला व गच्ची केण्यांच्या वाट्याला आली. साठीच्या गोपीनाथांना हाताला काम उरलं नाही. ते रोज सकाळी गच्चीच्या कठड्याशी उभे राहत, आपल्या शेतात कुणाची गाडी उभी आहे ते बघत आणि ती वाकडी लावलेली दिसली की वरून ओरडत. आधी रहिवासी वैतागले, मग वॉचमन वैतागला आणि शेवटी मुलगा प्रफुल्ल वैतागला. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ कुणी विनिताबाई बोन्सायचे वर्ग घेतात हे कळताच त्याने वडिलांना न विचारता त्यांचं नाव घालून टाकलं.

विनिताबाई वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, आणि त्यांचं बोलणंही छाटलेलं. वर्गातल्या बाकीच्यांनी वड, उंबर असली सोशिक झाडं घेतली. गोपीनाथांची नजर मात्र कोपऱ्यातल्या जपानी काळ्या पाइनच्या रोपावर गेली. खवल्याखवल्यांची साल, जोडीजोडीने फुटलेल्या टोकदार सुया. झाड बघताक्षणी त्यांच्या मनात भरलं.

"केणेकाका, ब्लॅक पाइन मी नवशिक्यांना देत नाही," विनिताबाई म्हणाल्या. "त्याला दहा-दहा वर्षं द्यावी लागतात."

"मी नवशिका? बाई, या हातांनी खंडीनं भात पिकवलंय."

या बोलण्याला विनिताबाई भुलल्या. एवढ्या शिकलेल्या बाईने भुलायला नको होतं.

पहिलं पाइन चार महिन्यांत गेलं. गोपीनाथांनी कुंडीच्या काठाला मातीचा सुबक बांध घातला आणि आत बोटभर पाणी तुंबवून ठेवलं, भातखाचरात ठेवतात तसं. त्यात पावसाळ्याची मदत झाली. सुया पिवळ्या पडायला लागल्या तेव्हा पीक तयार होतंय अशा समजुतीने ते खूश झाले आणि चार लोकांना गच्चीवर नेऊन दाखवूनही आले. विनिताबाईंनी कुजलेली मुळं नाकाशी नेली आणि कुंडी बाजूला ठेवली.

"काका, हे भात नाही. याला पाय कोरडे लागतात."

दुसरं रोप मिळालं ते विटांच्या चुऱ्यात आणि बारीक खडीत लावलेलं. या खेपेला गोपीनाथ इतके सावध झाले, की पावसाळ्यापूर्वी त्यांनी बांबूच्या कामट्या आणि पळसाची पानं आणून झाडासाठी इरलं विणलं. लावणीच्या वेळी बाया डोक्यापाठीवर घेत तसलंच, फक्त हातभर उंचीचं. सर आली की घालायचं, ओसरली की काढायचं. त्यांच्या पत्नी तुळसाबाई कपडे वाळत घालायला गच्चीवर आल्या आणि इरलं पांघरून बसलेलं ते रोप बघून जागीच थबकल्या.

"तीस वरसं तुमच्या शेतान भिजत लावनी केली," त्या म्हणाल्या. "मना कवा इरलं इनलं नाय तुमी."

गोपीनाथांनी इरल्याची एक कामटी उगाचच घट्ट केली. बोलणं खरंच होतं.

इथवर सगळं ठीक होतं. बिघडवलं ते तुळसाबाईंच्या बहिणीने, कमळाबाईंनी. त्या मोहन्याहून हळदीकुंकवाला आल्या, गच्ची बघायला म्हणून वर गेल्या आणि खाली येऊन चहाला हात न लावता म्हणाल्या, "तुलसे, घरान खुरटं झार ठेवलंस? अगो, घरातली पोरं खुरटतान."

सगळ्यांचे डोळे ऋतिकाकडे वळले. ऋतिका म्हणजे प्रफुल्लची मुलगी, तेव्हा दुसरीत. शाळेच्या रांगेत पहिली, आणि ते काही हुशारीमुळे नव्हे. सूनबाई कल्पिता म्हणाली, "अहो मावशी, माझ्या माहेरी पाच फुटांच्या वर कुणीच नाही." खुलासा बिनतोड होता, पण त्यात गंमत नव्हती, म्हणून कुणी ऐकला नाही. त्याच संध्याकाळी तुळसाबाईंनी अट घातली. दहावीच्या निकालापर्यंत ऋतिकाचं डोकं त्यांच्या कानाला लागलं पाहिजे. नाही लागलं, तर झाड खाडीत.

कानाला, कारण तुळसाबाईंचा फूटपट्टीवर विश्वास नव्हता. शेतात त्या भात अंगानेच मोजत: घोट्याला आलं, गुडघ्याला आलं, कमरेला आलं. माणसांनाही तेच माप. स्वतः त्या चांगल्या उंच. लावणीला वाकलेल्या बायका कंबर सरळ करायला उभ्या राहिल्या, की दूरच्या बांधावरून आधी तुळसा दिसे. त्यांच्या कानाला लागणं ही साधी गोष्ट नव्हती.

गोपीनाथांनी मात्र वही सुरू केली. डाव्या पानावर पाइनची उंची, उजव्या पानावर ऋतिकाची. डावं वाढू नये, उजवं वाढावं. रोज सकाळी एकाच देवापुढे हात जोडून ते या दोन उलट मागण्या मागत. देवाचाही गोंधळ होत असला पाहिजे, कारण पुढची तीन वर्षं झालं ते नेमकं उलटं.

त्यात दोष विनिताबाईंच्या शास्त्राचा. पाइनचं खोड जाड व्हायचं तर एक फांदी मोकाट वाढू द्यायची आणि काम झालं की कापून टाकायची, असं त्यांनी शिकवलेलं. ती फांदी गच्चीच्या उन्हात सुसाट सुटली. वीतभर झाडातून कमरेएवढा शेंडा वर आला. इकडे ऋतिका त्या तीन वर्षांत जेमतेम चार बोटं वाढली.

"बगा!" तुळसाबाई कडाडल्या. "झार वारतंय आन् पोर नाय. पोरीची वार झार खातंय!"

"अगो, ती फांदी कापायचीच हाय. तिच्यानं खोड पोसतंय."

"आन् पोर कोन पोसतंय?"

गोपीनाथांनी घाईघाईने फांदी कापली. आता योगायोग बघा. ऋतिका तेव्हा अकरा वर्षांची, अंगाने उसळायचं वय. पुढच्या तीन महिन्यांत ती सरळ दोन इंच वाढली. कल्पिताने नवे फ्रॉक शिवून घेतले, गोपीनाथांनी वहीत दोनदा रेघ मारली, आणि तुळसाबाईंच्या डोक्यात उजेड पडला. झाड कापलं की पोर वाढते. मग नवऱ्याची वाट कशाला बघायची?

एका दुपारी गोपीनाथ जेवून लवंडलेले असताना त्या मासळीची कात्री घेऊन गच्चीवर गेल्या.

पाइन कापायचं तंत्र असतं. ऐन जोरात आलेले नवे कोंब वर्षातून एकदाच, ठरल्या वेळी छाटायचे, म्हणजे मागून येणाऱ्या सुया आखूड येतात. भलत्या वेळी हात लावला तर झाड खचतं. तुळसाबाईंनी तंत्र न बघता सगळ्या फांद्या माथ्यावरून सफाचट केल्या. जावळ काढलेल्या बाळासारखं झाड बघून गोपीनाथ कुंडीशेजारीच बसले. साठी उलटलेला माणूस गच्चीवर बसून खरोखर रडला. ते बघून तुळसाबाई घाबरल्या. कात्री पदराआड लपवत त्या म्हणाल्या, "पोरीसाठीच केलं ओ."

त्यांनी ते पोरीसाठीच केलं होतं, आणि म्हणूनच त्यांच्यावर ओरडताही येईना.

झाड सावरायला दोन वर्षं लागली. पण त्या भादरण्यातूनच बुंध्याजवळ, आधी कधी नव्हते तिथे, दाट कोंब फुटले आणि पाइनला पहिल्यांदा रूप आलं. गोपीनाथांनी तारा गुंडाळून फांद्या हळूहळू खाली वळवल्या, तारा रुतण्याआधी सोडल्या, पुन्हा गुंडाळल्या. विनिताबाई मुद्दाम कोपरला येऊन बघून गेल्या. "ही छाटणी कुणी केली?" त्यांनी विचारलं. गोपीनाथांनी खरं सांगितलं नाही, आणि हे त्यांच्या मनाला बरेच दिवस लागून राहिलं.

ऋतिका आठवीत असताना दिवाळीला मोजणी झाली, तेव्हा तिचं डोकं आजीच्या कानापासून दोन बोटं खाली होतं. त्यानंतर एकदम निकालाच्या दिवशीच मोजायचं, असं तुळसाबाईंनी जाहीर केलं. सारखं मोजलं की वाढ बिचकते, असं त्यांचं म्हणणं. गोपीनाथ मात्र नातीला गुपचूप गच्चीवर नेऊन मोजत. चार फूट साडेनऊ इंच. सहा महिन्यांनी चार फूट साडेनऊ इंच. वर्षाने चार फूट साडेनऊ इंच.

"आबा, टेन्शन नको घेऊ रे," ऋतिका म्हणायची. "मी जाड सोलचे शूज घालते ना. आजीला काय घंटा कळणार नाय."

"अनवाणी उभी करील ती."

"मग अंबाडा घालते वर, मोठा."

गोपीनाथांना मोह झाला, नाही असं नाही. पण तुळसाबाईंना फसवायचं तर आधी त्यांच्यासमोर सरळ चेहऱ्याने उभं राहावं लागणार, आणि ते त्यांना चाळीस वर्षांत कधी जमलेलं नव्हतं. निकालाच्या आदल्या दिवशी त्यांनी पाइनच्या सुया विंचरल्या, कुंडी पुसली आणि विनिताबाईंना फोन करून विचारलं, "झाड परत घ्याल का? खाडीत टाकवत नाय मना."

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. ऋतिकाला एक्क्याऐंशी टक्के पडले. ते कुणी धड ऐकलंही नाही. तुळसाबाईंनी तिला दिवाणखान्याच्या मधोमध बोलावलं, चपला काढायला लावल्या आणि डोक्यावरचा भला मोठा अंबाडा तळहाताने दाबून सपाट केला. मग त्या तिला खेटून उभ्या राहिल्या. प्रफुल्ल पुढे झाला, त्याने ऋतिकाच्या डोक्यावर वही आडवी धरली आणि आजीकडे सरकवली.

वही तुळसाबाईंच्या कानाला लागली. नुसती लागली नाही, कानातली कुडी हलली.

"लागली!" ऋतिका ओरडली. कल्पिताने टाळ्या वाजवल्या, प्रफुल्लने मुलीला उचललं. तुळसाबाई तर फुलून गेल्या. "बगा, वारली का नाय पोर! ऱ्हाऊ द्या तुमचं झार. माजी काय ना नाय."

गोपीनाथांना हसू यायला हवं होतं. आठ वर्षं ज्याची धास्ती होती ते टळलं होतं. पण त्याच सकाळी गच्चीवर त्यांनी पोरीला मोजलं होतं. चार फूट साडेनऊ इंच. अडीच वर्षांत पोर सुताइतकीही वाढली नव्हती. मग दोन बोटं गेली कुठे?

त्यांनी तुळसाबाईंकडे बघितलं. नीट बघितलं. मानेखाली त्यांच्या पाठीला बाक आला होता. रोज सकाळी भिंग घेऊन त्यांनी झाडाच्या एकेका फांदीचा बाक निरखला होता, आणि जिच्या हातचा चहा पिऊन ते गच्चीवर जात तिच्याकडे एकदाही नजर टाकली नव्हती. याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"काय बगताव असं?" तुळसाबाईंनी विचारलं.

"काय नाय. जरा सरल उभी ऱ्हा गो."

तुळसाबाई हसल्या. "सरलच उभी हाय मी."